काम काढून घेण्यापूर्वी

या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा भेटतो. गिरगावातल्या भजनी मंडळात पंचवीस-तीस वर्षे पेटी वाजवणारे एक गृहस्थ हल्ली अभंगाचे कडवे विसरतात. त्यांना मंडळात पाठवावे की घरीच बसवावे? लालबागच्या चाळीतले एक आजोबा गणेशोत्सवाचा जमाखर्च लिहीत आले, गेल्या वर्षी काही पावत्यांची नोंद राहून गेली. वही त्यांच्याकडून काढून घ्यावी का? दादरच्या एक निवृत्त शिक्षिका अजून चार मुलांना गणित शिकवतात, पण एकाच तासात तेच उदाहरण तीनदा सोडवतात. मुलांच्या पालकांना काय सांगावे? या सगळ्या पत्रांच्या तळाशी एकच धास्ती असते. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असते, किंवा होण्याच्या वाटेवर असते, आणि माणसाच्या हातून त्याचे काम केव्हा काढून घ्यायचे हे घरच्यांना ठरवायचे असते. काढून घेतले, तर चार लोकांना कारण काय सांगायचे, हा प्रश्न लगेच पाठोपाठ येतो.

औषधांच्या चिठ्ठीवर याचे उत्तर मिळत नाही. म्हणून आज मी एका कारकिर्दीची हकीकत सांगणार आहे. ती दूरदेशीची आहे आणि ज्या खेळातली आहे तो आपल्या बहुतेक वाचकांनी लांबूनच पाहिलेला असेल. पॅट समिट या अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक. एकाच विद्यापीठात त्यांनी ३८ हंगाम काढले, १,०९८ सामने जिंकले आणि वयाच्या ५९व्या वर्षी त्यांना अल्झायमर झाल्याचे निदान झाले. निदानानंतरही त्या आणखी एक पूर्ण हंगाम संघासोबत उभ्या राहिल्या. मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्या शेवटच्या हंगामाविषयी. पण त्याचे मोल कळण्यासाठी आधीची वाट थोडी चालून यावी लागेल.

बास्केटबॉल मुंबईला अगदीच परका नाही. नागपाड्याच्या दाट वस्तीत हा खेळ कैक दशके रुजलेला आहे. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर हे तिथलेच. माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यावरही तो जोमाने खेळला जातो. तरीही खो-खो आणि कबड्डीवर वाढलेल्या परळ-लालबागच्या मुलींना त्या उंचावरच्या कड्याचे आकर्षण थोडे कमीच राहिले असावे.

पॅट यांचा जन्म १४ जून १९५२चा, टेनेसी राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. तंबाखूची लागवड, गवताच्या पेंढ्या, गाईंचे दूध काढणे, हे सगळे या मुलीच्या अंगावर भावांच्या बरोबरीने पडे. रात्री गवताच्या माळ्यावर तिघा थोरल्या भावांशी बास्केटबॉल चाले, आणि मुलगी म्हणून तिला कोणी सवलत देत नसे. राहत्या भागातल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या भागात हलवले. वडील अत्यंत कडक आणि अबोल; कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. पण मुलीच्या खेळासाठी घर हलवणाऱ्या बापाला आणखी काय बोलून दाखवायचे होते, असे मला वाटते. भावांना खेळाच्या बळावर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. पॅट यांच्या वेळी मुलींसाठी अशी शिष्यवृत्तीच नव्हती. त्यांचे शुल्क आईवडिलांनी भरले.

महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. आता खेळ विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. वडिलांनी ते मानले नाही. मुलीला ऑलिम्पिक खेळायचे आहे, तेव्हा गुडघा नीट करा, असे त्यांनी डॉक्टरांनाच बजावले. त्यानंतरचे व्यायामाचे महिने किती कठीण गेले असतील, हे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जिना चढायला शिकलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. १९७६च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलचा पहिल्यांदाच समावेश झाला, आणि रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक पॅट होत्या. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला त्याच संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या प्रशिक्षक होत्या.

दरम्यान १९७४ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या मुलींचा संघ त्यांच्या हाती आला होता. आधीच्या प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि साहाय्यक म्हणून आलेल्या या पदव्युत्तर विद्यार्थिनीला थेट मुख्य जागा मिळाली. मानधन महिना २५० डॉलर. संघातल्या काही मुली जवळजवळ त्यांच्याच वयाच्या. खेळाडूंचे कपडे त्या स्वतः धूत, सामन्याला जायची गाडी स्वतः चालवत. गणवेशासाठी पैसे नव्हते, तेव्हा मुलींनी डोनट विकून ते उभे केले. परगावी मुक्कामाला पैसे पुरत नसत, तेव्हा यजमान संघाच्या व्यायामशाळेच्या जमिनीवर पथाऱ्या पडत. पहिला सामना त्या एका गुणाने हरल्या.

पुढच्या यशाची गणती मी थोडक्यात उरकतो. राष्ट्रीय विजेतेपदे ८. त्यांतली १९९६, १९९७ आणि १९९८ ही तीन सलग. १९९७-९८च्या हंगामात ३९ पैकी ३९ सामने जिंकलेले. त्यांच्या रोखून पाहण्याचा धाक खेळाडूंत प्रसिद्ध होता. पण मला यशापेक्षा त्यांचा एक नियम महत्त्वाचा वाटतो. खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे आणि तास बुडवला तर सामना विसरायचा. परिणाम असा की टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण करणारी त्यांची प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. प्रत्येक म्हणजे अक्षरशः प्रत्येक.

अशी बाई विसरू लागली, तर तिच्या भोवतालच्यांनी काय करावे?

सुरुवात नेहमीसारखीच झाली. किल्ल्या सापडेनात. भेटीची वेळ पुनःपुन्हा विचारली जाऊ लागली. आणि मग, ज्या गोष्टीत त्यांचा हात कोणी धरू शकत नसे तिथेच, ऐन सामन्यात, आता संघाला कोणती चाल सांगायची हे त्यांना आठवेना. २००६ पासून त्यांना आमवाताचा त्रास होता, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा संधिवात. त्यामुळे हे सगळे त्याच्या औषधांमुळे होत असावे, असे आरंभी वाटले. या समजुतीला हसू नये. विस्मरणाची सगळीच कारणे अल्झायमरची नसतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी वृद्धांत ती बरीच आढळते), थायरॉइडचे मंदावणे, रक्तातले सोडियम उतरणे, नैराश्य, झोपेच्या व सर्दीच्या काही गोळ्या, इतकेच काय, नीट ऐकू न येणे, यांतल्या कशानेही माणूस विसराळू भासू शकतो. आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे. म्हणूनच तपासणी लवकर व्हावी लागते. समिट यांनी ती करून घेतली. प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये २०११च्या मे महिन्यात निदान पक्के झाले.

आपल्याकडे इथेच घोडे पेंड खाते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो आणि तिच्या आडोशाला दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. हिशेब चुकणे, ओळखीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, हा वयाचा स्वाभाविक भाग नाही. समिट तर साठीच्या अलीकडेच होत्या. पासष्टीपूर्वी सुरू होणारा अल्झायमर तुलनेने विरळा. त्यामुळे तो ध्यानात यायला अधिकच वेळ लागतो आणि कामाच्या ठिकाणी माणसाला बेजबाबदार, चिडका, आळशी ठरवून लोक मोकळे होतात.

निदानानंतर एका डॉक्टरांनी त्यांना ताबडतोब पद सोडण्याचा सल्ला दिला. नावलौकिकाला धक्का लागू नये, हा त्यामागचा हेतू असावा. समिट संतापल्या. पुढचे काही आठवडे मात्र संतापाचे नव्हते, खचलेपणाचे होते. त्यांचा मुलगा टायलर तेव्हा वीस वर्षांचा, विद्यापीठात शिकत होता. घटस्फोटानंतर घरात जवळचा असा तोच. मग त्यांनी एक क्रम लावला, आणि माझ्या मते काळजीवाहकांनी या साऱ्या हकीकतीतून काही उचलायचे असेल तर आधी हा क्रम उचलावा. प्रथम मुलगा आणि सोबतचे प्रशिक्षक. मग विद्यापीठाचे वरिष्ठ. तिथे आपले पद जाईल याची तयारी ठेवूनच त्या गेल्या होत्या, पण तुम्हीच आमच्या प्रशिक्षक आहात, असे त्यांना सांगण्यात आले. मग खेळाडू, समोरासमोर. आणि त्याच दिवशी, २३ ऑगस्ट २०११ रोजी, सारे जग. कोणी कीव करत बसू नये, हे त्यांनी त्या वेळीच स्पष्ट केले.

चाळीत राहणाऱ्यांना हा क्रम अनावश्यक वाटेल. गॅलरीत कोणाचे काय चालले आहे हे सगळ्यांना ठाऊकच असते. पण ठाऊक असणे निराळे आणि सांगितलेले असणे निराळे. न सांगता ठाऊक झालेल्या गोष्टीची कुजबुज होते. सांगितलेल्या गोष्टीला शेजारी हातभार लावतात. ‘दादांना अल्झायमर आहे, ते एकटे खाली उतरताना दिसले तर हाक मारा’ एवढे वाक्य समोरच्या बिऱ्हाडाला, वाण्याला, भाजीवालीला आणि रिक्षा-टॅक्सीच्या थांब्यावर सांगून ठेवणाऱ्या घराला निम्मी झोप परत मिळते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित गाडीतून उतरून एका हत्तीच्या मागे निघून जातात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना दादर स्थानकाची किंवा लालबागच्या गणपतीची गर्दी वेगळी समजावून सांगायला नको. खिशात नाव, घरच्याचा दूरध्वनी क्रमांक आणि आजाराचा उल्लेख असलेली चिठ्ठी हवीच.

आता तो हंगाम. समिट मुख्य प्रशिक्षक राहिल्या, पण काम वाटले गेले. होली वॉर्लिक या त्यांच्या जुन्या खेळाडू; १९८५ पासून त्या समिट यांच्या हाताखाली साहाय्यक होत्या. सामन्यातले निर्णय आणि नंतर पत्रकारांची प्रश्नोत्तरे यांचा बराचसा भार वॉर्लिक यांनी उचलला. मिकी डिमॉस आणि डीन लॉकवुड या दोन साहाय्यकांनी चाली आखणे, मुलींना समजावणे वाटून घेतले. झपाट्याने ठरवण्याची, एका वेळी पाच गोष्टी ध्यानात ठेवण्याची कामे समिट यांच्या हातून गेली. उरले ते त्यांचे बाकावर असणे, सरावातली नजर, एखाद्या मुलीला बाजूला घेऊन बोलणे. हे ‘उरलेले’ क्षुल्लक होते असे समजू नये. ३८ वर्षांत त्या संघाला जे वळण लागले होते ते याच गोष्टींतून लागले होते. संघाने त्या हंगामात २७ सामने जिंकले, ९ गमावले आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचून तो बेलर विद्यापीठाकडून हरला. टेनेसीच्या मापाने ही कामगिरी साधारणच. पण ते वर्ष जिंकण्या-हरण्याच्या मापाने मोजू नये, असे मला वाटते.

कीर्तनात बुवांच्या मागे झीलकरी उभे असतात. बुवांचा आवाज ओढला की ते चरण उचलून धरतात. कीर्तन मात्र बुवांचेच राहते. वॉर्लिक यांनी केले ते हेच. आणि मला वाटते, पत्रांतल्या प्रश्नांची उत्तरे ‘काढून घ्यावे की ठेवावे’ यात सापडणार नाहीत. त्या कामाचे तुकडे करून पाहावे लागतील. एकेका कामात किती निरनिराळी कामे दडलेली असतात, हे आपण सहसा पाहतच नाही.

पेटीवाल्या गृहस्थांचेच पाहा. अल्झायमरमध्ये नुकत्या घडलेल्या घटनांची आणि शब्दांची आठवण आधी ढासळते. हातांनी वर्षानुवर्षे गिरवलेल्या कौशल्याची आठवण मेंदूच्या वेगळ्या भागांत असते आणि पुष्कळदा ती बराच काळ टिकते. कडवे विसरणारी बोटे स्वर विसरलेली नसतात. तेव्हा गाणे दुसऱ्या कोणी उचलावे, पेटी त्यांच्याकडेच राहावी, जाण्या-येण्याला सोबत असावी. मंडळाला आजाराविषयी सांगितलेले असले, तर एखादा अभंग दोनदा सुरू झाला म्हणून काही बिघडत नाही. भजनात तेवढी सोय परंपरेनेच आहे.

जमाखर्चाचे मात्र तसे नाही. पैशाचा व्यवहार आणि आकडेमोड हे या आजारात फार लवकर डळमळते, आणि वही सार्वजनिक पैशाची आहे. रोकड, बँक आणि सही ही जबाबदारी त्या आजोबांकडून आजच काढावी. उद्या अपहाराचा आळ आला तर तो त्यांच्या आयुष्यभराच्या सचोटीवर येईल. पण वर्गणी द्यायला येणाऱ्याला बसवणे, त्याच्या वडिलांची विचारपूस करणे, ‘तुमच्या घरून गेल्या पिढीपासून वर्गणी येते’ असे सांगणे, हे काम आकड्यांचे नाही. मंडपातली खुर्ची त्यांचीच असू द्यावी, शेजारी पावती फाडणारा एखादा तरुण बसवावा. दादरच्या बाईंना मात्र मी थोडे कठोर उत्तर देईन. मुलांच्या परीक्षेचे वर्ष असेल तर शिकवणी थांबवावी. त्या मुलांचेही काही देणे लागते. त्याऐवजी इमारतीतल्या लहानांना पाढे म्हणून घेणे, गोष्ट सांगणे असे काही जमते का, ते पाहावे. तीनदा सांगितलेली गोष्ट चार वर्षांच्या मुलाला चालते. चौथ्यांदा तर तो स्वतःच मागतो.

काही कामांत वाटणी नसते. वाहन चालवणे, एकट्याने गॅस पेटवणे, स्वतःची औषधे स्वतः मोजून घेणे, कागदावर सही करणे, यांत भावनेला जागा नाही.

समिट यांच्या गोष्टीतली आणखी एक बाजू कौतुकाच्या भरात झाकली जाते. हंगाम संपल्यावर, १८ एप्रिल २०१२ रोजी, त्या पदावरून बाजूला झाल्या. वॉर्लिक मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि समिट यांना सन्मान्य पद देण्यात आले. म्हणजे ‘जमेल तोवर’ अशी मोघम मुदत लांबवली गेली नाही. एक हंगाम ही सीमा झाली. घरोघरी नेमके हेच चुकते. ‘बघू पुढे’ म्हणत काम ओढले जाते, मग एखादा मोठा घोटाळा होतो आणि माणसाला अपमानाने बाहेर काढले जाते. त्यापेक्षा ‘या गणेशोत्सवापर्यंत’, ‘या शैक्षणिक वर्षापर्यंत’, ‘कार्तिकी एकादशीपर्यंत’ अशी मुदत रुग्णाच्या संमतीने, तो समजू शकतो आहे तोवरच, ठरवावी. ती संपल्यावर पुन्हा पाहावे. थांबायची वेळ आली की रीतसर निरोप द्यावा. शाल-श्रीफळाची आपली पद्धत एरवी कंटाळवाणी होते, पण अशा वेळी ती फार कामाची आहे. पद गेल्यावरही नाते राहू शकते, हे दादरकरांनी जवळून पाहिले आहे. शिवाजी पार्कवर क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडवणारे रमाकांत आचरेकर सर उतारवयात पक्षाघाताने खिळून पडले, तरी शिष्यांचे त्यांच्याकडे येणे-जाणे सुटले नाही.

आता थोडे काळजीवाहकांशी, विशेषतः लेकी-सुनांशी. समिट यांच्यापाशी तीन पगारी साहाय्यक होते, उत्तम डॉक्टर होते, पैसा होता, आणि पाठीशी एक अख्खे विद्यापीठ होते. दहा बाय बाराच्या खोलीत सासऱ्यांचे अंथरूण, मुलाचा अभ्यास आणि स्वतःची नोकरी सांभाळणाऱ्या बाईपुढे हे उदाहरण कोणी छडीसारखे नाचवू नये. वॉर्लिक एकट्या नव्हत्या, हेच यातले सार. घरी एकाच व्यक्तीवर सगळे पडत असेल तर आधी ते वाटावे; आठवड्यातून एक संध्याकाळ दिराने किंवा नणंदेने बसणे हा उपकार नव्हे, तो त्यांचा वाटा आहे. पुरुष वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

अपराधीपणाचेही बोलले पाहिजे. ‘बाबांनी शब्दकोडी सोडवली असती तर’, ‘आईला चालायला नेले असते तर’ असे पुष्कळजण लिहितात. समिट आयुष्यभर व्यायामात, माणसांत आणि डोक्याच्या कामात होत्या. तरी आजार आला. लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालाने १४ घटक सांगितले आहेत आणि त्यांवर काम केले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असे म्हटले आहे. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आहेत, तसे ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे आणि एकाकीपणाही आहे. म्हणून श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळू नये. पण उरलेल्या निम्म्याहून अधिक वाट्यावर आज कोणाचाच ताबा नाही. भारतात साठीच्या वरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडला गेला. इतक्या घरांनी काही ना काही चूक केली, असे कोण म्हणेल?

समिट यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. अर्धी गोष्ट सांगणे बरे नाही. २०१२च्या मे महिन्यात त्यांना अध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. आजाराच्या संशोधनासाठी व रुग्णकुटुंबांसाठी त्यांनी प्रतिष्ठान स्थापन केले. २०१३ साली सॅली जेन्किन्स या पत्रकार मैत्रिणीच्या साहाय्याने आत्मचरित्र आले. स्वतःच्या आठवणी पुरत नव्हत्या तिथे कुटुंबीयांच्या व खेळाडूंच्या आठवणी जोडून ते उभे राहिले. (आपल्याही घरी हे करता येईल. जुन्या छायाचित्रांच्या मागे नावे लिहून घेण्याचे काम निदानाच्या पहिल्या वर्षातच उरकावे. नंतर विचारायला कोणी उरत नाही.) मग आजार वाढला. शेवटच्या काही महिन्यांत त्यांना देखभालीची सोय असलेल्या निवासात ठेवावे लागले. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. वयाला ६४ वर्षे पूर्ण होऊन दोनच आठवडे झाले होते. निदानापासून मृत्यूपर्यंत पाच वर्षे. प्रत्येक रुग्णाचा वेग निराळा असतो, तेव्हा हा आकडा कोणी आपल्या घराला लावू नये. काम करत राहिल्याने आजार थांबला नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. आजही असे कोणतेही औषध नाही जे तो मुळातून बरा करील. काही औषधे लक्षणे काही काळ सौम्य ठेवतात.

शेवटी कागदपत्रांची एक गोष्ट, कारण तिला मुदत आहे. मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले की पुढची काळजी मिटली, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. आपल्या कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजशक्ती गेली की साधे मुखत्यारपत्रही निष्प्रभ होते. त्यानंतर बँकेतले पैसे काढायला किंवा खोली विकायला पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याची वेळ कुटुंबांवर येते. म्हणून मृत्युपत्र, बँकेतले संयुक्त खाते, नामनिर्देशन, ही कामे रुग्णाला समजते आहे तोवर, डॉक्टरांचे तसे प्रमाणपत्र घेऊन, वकिलाच्या सल्ल्याने करून घ्यावीत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचारांबाबत आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमण्याचीही तरतूद केली आहे.

पहिल्या तपासणीसाठी परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर किंवा भायखळ्याचे जे. जे. यांपैकी कोणत्याही रुग्णालयाच्या मज्जाविकार अथवा मनोविकार विभागात बाह्यरुग्ण म्हणून जाता येते. सकाळी लवकर जावे, चालू असलेल्या सगळ्या औषधांची वेष्टने पिशवीत न्यावीत, आणि विस्मरणाचे पाच-सहा प्रसंग तारखांसह कागदावर लिहून न्यावेत. डॉक्टरांसमोर रुग्ण हमखास व्यवस्थित बोलतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. काळजीवाहकाचे स्वतःचेच मन थकले असेल तर १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. रात्री दोनला उठून ‘मला घरी जायचे आहे’ म्हणणाऱ्या रुग्णांविषयी तीन वाचकांनी विचारले आहे. तो विषय पुढील अंकी घेऊ.